डेटा कुणाच्या हुकमाखाली?

आमची कंपनी वकिली कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर बनवते. खटल्यांच्या तारखा, अशिलांची कागदपत्रं, वकिलांची टिपणं, बिलं, सगळं एका ठिकाणी. नेदरलँड्समधल्या एका वकिली संस्थेशी बोलणी शेवटच्या टप्प्यात होती आणि विक्री विभागाने तो करार मनातल्या मनात तिमाहीच्या आकड्यांत धरलाही होता. तेवढ्यात त्यांच्या डेटा संरक्षण अधिकारी बाईंकडून एक लांबलचक एक्सेल आली. बहुतेक प्रश्न नेहमीचेच: पासवर्ड किती अक्षरांचा, बॅकअप किती वेळा, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासता का. एक मात्र वेगळा होता. आमच्या अशिलांचा डेटा कोणकोणत्या देशांची सरकारं, कोणत्या कायद्याने आणि कुणाकडून मागू शकतात?

विक्रीवाल्यांनी समोर लिहून टाकलं होतं, ‘डेटा फ्रँकफर्टमध्येच राहतो.’

ती फाइल माझ्याकडे आली, कारण सुरक्षा आणि कम्प्लायन्स, म्हणजे नियमपालन, माझ्या गळ्यात आहे. मी इंजिनियर, वकील नव्हे. या कामात अर्धा वेळ कायदे वाचण्यात जातो आणि अर्धा स्वतःच्याच कंपनीत चौकशा करत फिरण्यात. दुसरा भाग जास्त अवघड.

पहिल्याच कॉलवर बाईंनी आमचं उत्तर बाजूला सारलं. ‘फ्रँकफर्ट तुमच्या माहितीपत्रकात छापलेलंच आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मला हे सांगा, त्या डेटाला हात लावू शकतील अशा कंपन्या कोणत्या आणि त्या कंपन्यांना हुकूम कोण सोडू शकतं?’ मग त्यांनी त्यांच्या कामाबद्दल सांगितलं. त्यांचे बरेच अशील आश्रय मागायला आलेले लोक असतात. आपल्या देशातल्या सरकारला घाबरून पळून आलेली माणसं वकिलासमोर बसून जे सांगतात ते त्या फायलींत असतं. त्यांचा नवा पत्ता, मागे राहिलेल्या नातेवाइकांची नावं, कुणी लपवलं, कुणी पैसे दिले. हे ऐकल्यावर मी तो रकाना पुसला आणि मुळापासून वाचायला घेतलं.

वाचन सुरू झालं ते अर्थातच अमेरिकेपासून, कारण आमचा क्लाउड, म्हणजे भाड्याने घेतलेले सर्व्हर, अमेरिकी कंपनीचा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये अमली पदार्थांच्या एका तपासात न्यूयॉर्कच्या कोर्टाने मायक्रोसॉफ्टला एका ग्राहकाचे ईमेल देण्याचं वॉरंट काढलं. ईमेल डब्लिनच्या डेटा सेंटरमध्ये होते. मायक्रोसॉफ्टने नकार दिला: अमेरिकी वॉरंट आयर्लंडमध्ये चालत नाही. खालच्या कोर्टात ते हरले, २०१६ मध्ये अपील कोर्टात जिंकले. ज्या कायद्यावर हा वाद चालला होता तो १९८६ चा, म्हणजे क्लाउड ही कल्पनाच बाजारात नव्हती तेव्हाचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली, पण निकाल लागलाच नाही. मार्चमध्ये सरकारी खर्चाच्या भल्यामोठ्या विधेयकाला जोडून अमेरिकी संसदेने क्लाउड ॲक्ट संमत केला आणि एप्रिलमध्ये कोर्टाने खटला निकाली काढला, कारण आता भांडायला काही उरलं नव्हतं. नव्या कायद्याने स्पष्टच सांगितलं की कंपनीच्या ताब्यात किंवा नियंत्रणात असलेला डेटा जगात कुठेही ठेवलेला असो, अमेरिकी आदेश आला की द्यावा लागेल.

म्हणजे फ्रँकफर्ट या उत्तराची हवा २०१८ मध्येच गेली होती. आम्ही ते तरीही छापत होतो आणि आमच्या क्षेत्रातले जवळजवळ सगळेच छापतात.

या कायद्याविषयी वाचताना एक गोष्ट मला पटली, ती इथे लिहिते, कारण त्याला नुसतं राक्षस ठरवणं सोपं आहे. त्याआधी परदेशातला पुरावा मागायचा रस्ता म्हणजे दोन देशांमधला परस्पर कायदेशीर मदतीचा करार. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या एका समितीने २०१३ मध्ये लिहिलं होतं की अशी विनंती पुरी व्हायला सरासरी दहाएक महिने लागतात. खुनाचा तपास करणाऱ्या पोलिसाला दहा महिने थांबा म्हणणं कठीण आहे. शिवाय क्लाउड ॲक्टखाली ईमेलचा मजकूर हवा असेल तर न्यायाधीशाचं वॉरंट लागतंच. ब्रिटनने अमेरिकेशी यासाठी थेट करार केला, तो ऑक्टोबर २०२२ पासून अमलात आहे, ऑस्ट्रेलियाचाही झाला.

जास्त काळजीची गोष्ट वेगळ्या कायद्यात आहे: परकीय हेरगिरीविषयीच्या फिसा कायद्याचं कलम ७०२. यात अमेरिकेबाहेरच्या बिगरअमेरिकी माणसावर पाळत ठेवायला त्या त्या माणसासाठी वेगळं वॉरंट लागत नाही. खास न्यायालय वर्षातून एकदा कार्यपद्धतीला मंजुरी देतं आणि तिच्या चौकटीत यंत्रणा कंपन्यांना आदेश देतात. एप्रिल २०२४ मध्ये हे कलम दोन वर्षांसाठी वाढवताना कोणकोणत्या कंपन्यांना आदेश देता येईल याची व्याख्या आणखी रुंद केली गेली. याच कलमामुळे युरोपीय न्यायालयाने जुलै २०२० मध्ये युरोपातला डेटा अमेरिकेत पाठवायची मुभा देणारा प्रायव्हसी शील्ड हा अमेरिकेशी झालेला करार रद्द केला. त्याच्या आधीचा सेफ हार्बर २०१५ मध्ये रद्द झाला होता. आता २०२३ पासून तिसरी व्यवस्था चालू आहे आणि तिच्याविरुद्धचा दावा सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपच्या जनरल कोर्टाने फेटाळला. मी बाईंना विचारलं, मग प्रश्न मिटला ना? त्या हसल्या. ‘आधीच्या दोन्ही वेळी मी याच खुर्चीत होते,’ म्हणाल्या.

आणि दुसऱ्या बाजूने जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षण कायदा उभा. त्याचं अठ्ठेचाळिसावं कलम म्हणतं की परदेशी कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आहे एवढ्यावर डेटा देता येणार नाही, त्यामागे आंतरराष्ट्रीय करार हवा. एक कायदा म्हणतो द्या, दुसरा म्हणतो देऊ नका, आणि मधे कंपनी. अशा कैचीतल्या कंपनीने कुणाचं ऐकायचं, याचं उत्तर कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. ज्याचा दंड मोठा त्याचं ऐकतात, असं आमच्या वकिलांचं मत.

कायद्याचं एवढं झाल्यावर पुढचं काम आमच्याच घरातलं होतं: डेटा नेमका जातो कुठे याचा नकाशा काढणं. मला वाटलं होतं की सर्व्हर सांभाळणाऱ्या इन्फ्रा टीमची आकृती घ्यायची, दोन बाण वाढवायचे, झालं. मुख्य डेटाबेस फ्रँकफर्टला होता, बॅकअप आयर्लंडला, इथवर ठीक. मग एकेका टीमकडे जाऊन बसू लागले. ॲप कोसळलं की त्या क्षणाची माहिती एका त्रुटी नोंदवणाऱ्या सेवेकडे जाते. ती सेवा अमेरिकेत आणि त्या माहितीत कधीकधी स्क्रीनवरचा मजकूरही असतो. ग्राहकाला जाणारे ईमेल दुसऱ्याच कंपनीमार्फत जातात. त्यांच्या विषयाच्या ओळीत आम्ही अशिलाचं नाव टाकत होतो, कारण वकिलांना ते सोयीचं वाटत होतं. सपोर्टच्या तिकिटांत लोक सर्रास स्क्रीनशॉट चिकटवतात, आणि ती तिकीटप्रणाली तिसऱ्या कंपनीची. ॲनालिटिक्सवाल्यांच्या टेबलात फाइलची नावं दिसत होती. फाइलमध्ये काय आहे ते नाही, फक्त नाव. पण वकिलाच्या फाइलचं नाव वाचलं की बहुतेक कळतंच.

कुणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. प्रत्येक सेवा कुणीतरी कुठल्यातरी घाईत जोडलेली आणि तेव्हा ती योग्यच होती. पण डेटाबेस कुठे आहे एवढंच पाहणाऱ्या कायद्याला आणि ऑडिटरला यातलं काहीच दिसलं नसतं. मी बाईंना सगळी यादी पाठवली, काही न झाकता. विक्री विभागाच्या प्रमुखांना ते आवडलं नाही. ‘एवढं सगळं कशाला सांगायचं, विचारलंय का त्यांनी?’ असं त्यांचं म्हणणं. विचारलं होतं, प्रश्न नीट वाचला तर तेच विचारलं होतं.

यादीतल्या बऱ्याच गोष्टी लवकर सुटल्या. ईमेलमधून नावं काढली, त्रुटीसेवा स्वतःच्या सर्व्हरवर उभी केली, ॲनालिटिक्समध्ये फाइलच्या नावाऐवजी क्रमांक आला. सपोर्टचं मात्र तसं नव्हतं, कारण आमचा सपोर्ट भारतात बसतो.

इथे या सगळ्या प्रकरणाने वेगळं वळण घेतलं. इतका वेळ आम्ही सगळे अमेरिकेच्या नावाने बोटं मोडत होतो. बाईंनी पुढच्या बैठकीत शांतपणे विचारलं, ‘आणि भारत?’

डेटा युरोपबाहेर हलवला नाही, पण युरोपबाहेर बसलेल्या माणसाने तो स्क्रीनवर उघडून पाहिला, तर युरोपच्या दृष्टीने तो पाठवल्यासारखाच. मे २०२५ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने टिकटॉकला ५३ कोटी युरोचा दंड ठोठावला, त्याच्या मुळाशी हेच होतं: युरोपीय वापरकर्त्यांचा डेटा चीनमधले कर्मचारी दुरून उघडू शकत होते आणि चिनी कायद्यापासून त्याला पुरेसं संरक्षण आहे हे कंपनीला दाखवता आलं नाही. फाइल उघडत नाही अशी तक्रार आली की आमच्या सपोर्टमधली मुलगी लॉगिन करून ती उघडून बघते, तेव्हा कायद्याच्या भाषेत तो डेटा भारतात आलेला असतो. युरोपने ज्या देशांचं संरक्षण पुरेसं मानलंय त्या यादीत भारत नाही. म्हणजे युरोपीय आयोगाची ठरावीक करारकलमं जोडायची आणि भारत सरकारला हा डेटा मिळू शकतो का याचं मूल्यांकन लिहून द्यायचं. ते लिहायचं मी.

मी आयुष्यात पहिल्यांदा माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ नीट वाचलं. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याचा तपास अशा कारणांसाठी केंद्र किंवा राज्य सरकार कुठल्याही संगणकातली माहिती अडवण्याचा, बघण्याचा, तिचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून घातलेलं कुलूप, उघडून मागण्याचा आदेश देऊ शकतं. मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत कैद. २००९ च्या नियमांप्रमाणे आदेश केंद्रात गृहसचिवांच्या सहीने निघतो, न्यायाधीशाच्या नव्हे; नंतर आढावा घेते ती समितीही सरकारी अधिकाऱ्यांचीच. आदेश गुप्त ठेवायचा, म्हणजे ग्राहकाला कळवायचीही पंचाईत. २० डिसेंबर २०१८ च्या एका आदेशाने दहा यंत्रणांना हे अधिकार दिलेले आहेत. दुसऱ्या पारड्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल: नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि सरकारी हस्तक्षेपाला कायदा, योग्य हेतू आणि प्रमाण यांची कसोटी लावली.

मग भारताचा २०२३ चा डेटा संरक्षण कायदा उघडला, आता आपल्याकडेही संरक्षण आहे असं लिहिता येईल या आशेने. त्याच्या सतराव्या कलमात दोन गोष्टी सापडल्या. एक, सरकार ज्या यंत्रणांना अधिसूचित करील त्यांना सुरक्षेसारख्या कारणांसाठी या कायद्यातून सूट. दोन, परदेशी कंपनीशी करार करून भारतात बसून परदेशी लोकांचा डेटा हाताळत असाल तर कायद्यातली बहुतेक बंधनं तुम्हाला लागूच होत नाहीत. दुसरी तरतूद आमच्यासारख्या आउटसोर्सिंगच्या धंद्याला सोयीची म्हणून घातली आहे, हे उघड आहे. पण त्या डच फाइलमधल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर त्याला आपल्या नव्या कायद्याचा फारसा आधार नाही. मूल्यांकनात हे लिहावं लागलं.

मसुदा वर गेला तेव्हा आमचे सीईओ अस्वस्थ झाले. ‘अहो मॅडम, आपल्याच सरकारबद्दल परदेशी ग्राहकाला हे असं लेखी द्यायचं? उद्या कुणी वाचलं तर?’ भीती खोटी नव्हती. आमच्या वकिलांनी तो विषय एका वाक्यात संपवला: ‘साहेब, हे सगळं राजपत्रात छापलेलं आहे, आपण फक्त कलमाचा आकडा लिहितोय.’ दोन विशेषणं माझ्या मसुद्यातून गेली, कलमं राहिली. विशेषणं जायलाच हवी होती.

याच सुमाराला आमच्या दुसऱ्या टीमचं भारतीय ग्राहकांसाठी पेमेंटचं काम चाललं होतं आणि त्यांचं नियमपालन माझ्याच टेबलावर. तिथे रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक लागू. पेमेंटचा सगळा डेटा फक्त भारतातच साठवायचा. परदेशात प्रक्रिया झाली तरी एका कामकाजाच्या दिवसात किंवा चोवीस तासांत तिथून पुसून इथे आणायचा. रिझर्व्ह बँकेने हे किती गांभीर्याने घेतलं ते २०२१ मध्ये दिसलं, अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स क्लब आणि मास्टरकार्ड यांना नवे ग्राहक घ्यायला मनाई झाली तेव्हा. मास्टरकार्डवरची ती बंदी उठायला जवळजवळ वर्ष लागलं.

परिपत्रकात कारण दिलेलं आहे आणि ते मोकळेपणाने दिलेलं आहे: नियामकाला या डेटापर्यंत विनाअडथळा पोचता यावं. हे परिपत्रक आणि डच ग्राहकासाठीचं मूल्यांकन एकाच दिवशी वाचताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डेटा देशातच ठेवा असं म्हणणारा कायदा परक्या सरकारपासून वाचवण्यासाठी असतो असं मी धरून चालले होते. पुष्कळदा तो आपल्या सरकारच्या हाताला लागावा म्हणून असतो. पेमेंटच्या बाबतीत माझी त्याला काही हरकत नाही; घोटाळा झाला तर रिझर्व्ह बँकेने दुसऱ्या देशाकडे अर्ज करत बसावं असं मला वाटत नाही. पण रशियाने सप्टेंबर २०१५ पासून नागरिकांचा डेटा देशातच ठेवायची सक्ती केली आणि ती न पाळल्याबद्दल २०१६ मध्ये लिंक्डइन बंद पाडलं, किंवा २०१८ मध्ये ॲपलने चिनी ग्राहकांचा आयक्लाउड क्वीचौ प्रांताच्या सरकारशी संबंधित कंपनीच्या हवाली केला, त्याला नागरिकांचं संरक्षण म्हणायला जीभ वळत नाही. आश्रय मागणाऱ्या माणसाचा डेटा त्याच्या मायदेशात अगदी नियमाप्रमाणे ठेवला, तर सगळ्यांत धोक्याच्या जागी ठेवला.

असो. परत डच फायलींकडे.

आता प्रश्न किल्लीचा. डेटा एन्क्रिप्ट केलेला आहे असं सगळेच सांगतात; किल्ली कुणाकडे, हे क्वचित कुणी सांगतं. आमच्याकडे तेव्हा किल्ल्या क्लाउड कंपनीच्याच किल्लीसेवेत होत्या. तिच्यात ग्राहकाने स्वतःची किल्ली आणून ठेवायची सोयही असते आणि तिची जाहिरात फार होते. पण ते कुलूप आपलं आणि किल्ली वॉचमनच्या खिशात, असं. वॉचमनला कुणी दरडावलं की दार उघडलं. खरा फरक पडतो किल्ली क्लाउडच्या बाहेर, ग्राहकाच्या ताब्यात राहिली तर. तशी सोय आता मोठ्या क्लाउड कंपन्या देतात, पण किल्लीचा सर्व्हर बंद पडला की आमचं ॲपही बंद, आणि त्याचा फोन मात्र आम्हालाच येणार.

शिवाय त्यातही भोक आहेच. युरोपीय डेटा संरक्षण मंडळाने जून २०२१ मध्ये अंतिम केलेल्या शिफारशींत उदाहरणं देऊन हे सांगितलंय. नुसता बॅकअप ठेवायचा आणि किल्ली युरोपात, तर चालेल. पण क्लाउडला काम करण्यासाठी उघडा डेटा लागत असेल आणि तिथल्या सरकारचे अधिकार प्रमाणाबाहेर असतील, तर पुरेसा ठरेल असा तांत्रिक उपाय मंडळाला सुचत नाही, असं त्यांनी चक्क लिहून ठेवलंय. आमचं सॉफ्टवेअर फायलींत शोध घेतं, तारखा उचलतं, कागद जुळवतं. हे सगळं उघड्या डेटावरच होतं.

मग आम्ही सॉफ्टवेअरच फोडायला घेतलं, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकारातलं सगळ्यांत चांगलं काम ते. नुसत्या वेळापत्रकाला काय लागतं? खटला क्रमांक, तारीख, कोर्ट. हे उघडं राहू दे. अशिलाचं नाव, पत्ता, जबानी, जोडलेले कागद हे ग्राहकाच्या ब्राउझरमध्येच एन्क्रिप्ट होऊन यायचे, किल्ली त्यांच्या कार्यालयातल्या सर्व्हरवर. आमच्या सर्व्हरला आणि सपोर्टला तिथे फक्त अर्थहीन अक्षरं दिसतात. याची किंमत मोजली: कागदांच्या आतल्या मजकुरात शोध गेला. वकिलांना तो फार प्रिय होता आणि प्रॉडक्ट मॅनेजर माझ्याशी बराच काळ तुटक बोलत होता. ‘अरे, जे आपल्याला वाचताच येत नाही ते कुणी मागितलं तरी आपण काय देणार?’ असं मी त्याला म्हटलं, तर तो म्हणाला, ‘आणि जे शोधताच येत नाही ते विकणार कसं?’ दोघांचंही बरोबर होतं.

या रचनेचा भारतीय बाजूलाही उपयोग झाला. २००९ च्या त्याच नियमांत म्हटलंय की एन्क्रिप्शन उघडून देण्याचा आदेश, ते एन्क्रिप्शन सेवा देणाऱ्याने केलेलं असेल किंवा किल्ली त्याच्या नियंत्रणात असेल, तेवढ्यापुरताच. ते एन्क्रिप्शन ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये होतं आणि किल्लीही त्याच्याकडेच. आमच्या वकिलांनी इथे सावध केलं: हे एन्क्रिप्शन करणारा कोड आपलाच आहे, तेव्हा उद्या कुणी कोडच बदलायला सांगितलं तर? ब्रिटनने ॲपलवर एन्क्रिप्शनवरून दबाव आणला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने आयक्लाउडचं प्रगत संरक्षण तिथल्या नव्या ग्राहकांसाठी बंद केलं, हे ताजं उदाहरण. म्हणून ब्राउझरमध्ये चालणारा तो भाग ग्राहकाच्या सर्व्हरवरून द्यायचा आणि प्रत्येक बदल त्यांच्या माणसाने तपासल्याशिवाय लावायचा नाही, असं ठरलं.

क्लाउड कंपनीच्या लोकांशीही बैठक झाली. त्यांनी ‘सार्वभौम’ क्लाउडवर सुंदर सादरीकरण केलं: युरोपातले कर्मचारी, युरोपातली कंपनी, युरोपातलं बिलिंग. मी एकच विचारलं, मूळ अमेरिकी कंपनीला आदेश आला तर ती या युरोपीय शाखेला डेटा द्यायला सांगू शकते का? उत्तर म्हणून आम्ही आदेशांना कोर्टात आव्हान देतो, असे आदेश फार थोडे येतात, असं बरंच काही आलं. हो किंवा नाही आलं नाही. त्यांना तरी काय दोष द्यावा. जून २०२५ मध्ये फ्रेंच सिनेटच्या चौकशी समितीसमोर मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याला शपथेवर असंच विचारलं गेलं, तेव्हा फ्रान्सच्या संमतीशिवाय डेटा अमेरिकेला जाणार नाही याची हमी देता येणार नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. याच धोक्यापोटी फ्रान्सने त्याआधीच सेकन्यूमक्लाउड या सुरक्षित क्लाउडसाठीच्या सरकारी प्रमाणपत्रात युरोपबाहेरच्या भागधारकांच्या वाट्यावरच मर्यादा घातली आहे: एकट्याला २४ टक्के, सगळ्यांना मिळून ३९. बाईंचं म्हणणं, इथे एन्क्रिप्शन आणि करार जिथे थांबतात तिथे मालकी बोलते.

करारातली कलमं लिहायला मात्र फार त्रास पडला नाही. सरकारी मागणी आली तर कायद्याने मुभा असेल तेव्हा कळवू. मनाई असेल तर मनाई उठवायचा प्रयत्न करू आणि त्याची नोंद ठेवू. मागणी बेकायदा वाटली तर आव्हान देऊ. कमीत कमी देऊ. ‘आजवर अशी एकही मागणी आलेली नाही’ असंही लिहून दिलं, ते खरं होतं. सपोर्टसाठी भारतातून उघडा डेटा बघण्याची वाट बंद केली. अगदीच अडलं तर ग्राहकाचा माणूस स्वतःची स्क्रीन दाखवतो आणि आमची मुलगी फक्त कुठे क्लिक करायचं ते सांगते. वेळ दुप्पट लागतो. त्याचे पैसे करारात लावले आणि त्यांनी कुरकुर न करता मान्य केले.

मूल्यांकनाच्या शेवटी उरलेला धोका असा एक भाग असतो. तिथे मी लिहिलं की खटला क्रमांक, तारीख, कोर्ट आणि कोण कधी लॉगिन झालं हे उघडं आहे. अमेरिकी आणि भारतीय दोन्ही कायद्यांखाली ते मागितलं जाऊ शकतं, आणि त्यावरूनही एखादा माणूस शोधता येऊ शकतो.

बाईंचं उत्तर आलं. कौटुंबिक, कामगारविषयक आणि व्यावसायिक खटले आमच्या सॉफ्टवेअरवर येतील. आश्रयाच्या फायली येणार नाहीत. त्या त्यांच्या कार्यालयातल्या सर्व्हरवरच राहतील, जुन्या कटकटीच्या पद्धतीने, शोधाशिवाय आणि तारखांच्या आठवणीशिवाय. विक्रीप्रमुखांनी मला विचारलं की यावर आणखी काही तांत्रिक उपाय काढून त्यांचं मन वळवता येईल का. मी म्हटलं, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. कराराची रक्कम त्यामुळे कमी झाली, आणि तो तेवढ्यालाच झाला.